'इथे मुलांना न्यायचं तरी कुठे?'

कर्जत लोकलमध्ये, सोसायटीच्या गेटवर, शाळेच्या पालकसभेत एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्याला आता कोणी हरकतही घेत नाही. "पुण्याचं ठीक आहे हो, ठाण्याचंही ठीक आहे. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात मुलांना न्यायचं तरी कुठे?" पुढची वाक्यं पाठ असल्यासारखी येतात. नदी म्हणाल तर गटार. धरण म्हणाल तर दर पावसाळ्यात कोणीतरी बुडाल्याची बातमी. मैदान म्हणाल तर तिथे गाड्या लावलेल्या. बाप अंधारात घर सोडतो आणि रात्री साडेनऊला उंबरा ओलांडतो. मुलांबरोबर माती कालवणं, काड्यांची खेळणी करणं, डोंगर बघायला जाणं ही सुखवस्तू घरांची थेरं. आमच्या पोरांना क्लास हवा, मार्क हवेत.

असं बोलणारी माणसं मूर्ख नाहीत, आळशी तर मुळीच नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. त्यांची निम्मी वाक्यं खरी आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. जागा उरल्या नाहीत म्हणून आपण मुलांना नेत नाही, असं आपण समजतो. मी अंबरनाथ पूर्वेला राहतो आणि मला घडलेलं दिसतं ते असं: आपण आधी जाणं सोडलं, मग जागा जायला लागल्या. जिथे कोणाचं पोर जात नाही तिथे राडारोडा टाकला, टँकर रिकामा केला किंवा पत्रे ठोकले तरी विचारणारं कोणी नसतं.

सगळ्यात जोरदार मुद्दा नदीचा, तेव्हा आधी तोच घेऊ. वालधुनीची अवस्था मी नाकारत नाही. 2014 च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात तिच्यात टँकरने आणलेलं रसायन सोडलं गेलं आणि त्याच्या वायूने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' ही संस्था हरित लवादात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सगळं खरं. पण हीच नदी वर, काकोळे गावाकडच्या डोंगराच्या कुशीत सुरू होते. तिथे जुन्या जीआयपी रेल्वेने बांधलेलं धरण आहे, आणि त्याच पाण्यावर 'रेल नीर'चा कारखाना चालतो. एकाच नदीचं पाणी वर बाटलीत भरून गाडीतल्या प्रवाशांना विकलं जातं आणि खाली काही किलोमीटरवर तिच्या पुलावरून जाताना रिक्षावाला नाकाला रुमाल लावतो. भूगोलाच्या पुस्तकातले दहा धडे एका सकाळी समोर मांडणारी अशी दुसरी नदी मला माहीत नाही.

यात मुलांनी करण्यासारखं कामही आहे. एक मोठा कार्डशीट घ्यायचा, त्यावर डोंगरापासून उल्हासनगरपर्यंत नदीची निळी रेघ ओढायची आणि दोन-तीन रविवार जमेल तिथल्या पुलावर उभं राहायचं. पाण्याला हात लावायचा नाही, काठावर उतरायचं नाही. पुलावरून रंग कसा दिसतो, फेस आहे का, बगळे दिसतात का आणि मुख्य म्हणजे वास कसला येतो, एवढं लिहायचं. मोठी माणसं वासाला एकच शब्द वापरतात, 'घाण'. मुलं तसं करत नाहीत. सडक्या अंड्यांचा, नेलपेंटचा, बाथरूम धुतल्याचा, असे वास ती वेगवेगळे सांगतात. नकाशावर निळी रेघ कुठे काळी करायची यावरून भावंडांत भांडणं होतात. मग हमखास प्रश्न येतो, "हे कोण टाकतं?" हा प्रश्न विचारणं आपण मोठ्यांनी फार वर्षांपूर्वी सोडून दिलं आहे. नदी खराब आहे म्हणून मुलांना दाखवू नये, हे म्हणणं मला आजोबा आजारी आहेत म्हणून नातवंडांना भेटवू नये म्हणण्यासारखं वाटतं.

त्याच वालधुनीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे. "मंदिर काय, महाशिवरात्रीला जातो की!" असं उत्तर मिळतं. जातो ते रांगेतून, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी मुलाला शाळेतून आल्यावर तिथे न्यावं आणि दर्शन झाल्यावर लगेच निघू नये. शके 982, म्हणजे 1060 साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात हे पूर्ण झालं. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात, आणि वर पाहावं तर शिखर अपुरं, आभाळ उघडं. देवळात खाली उतरायचं कशाला, वर छप्पर का नाही, पाऊस आला की देव भिजतो का, हे प्रश्न मुलं विचारतात आणि त्यातल्या एकाचंही पूर्ण उत्तर आपल्याजवळ नसतं. नसू दे. वही-पेन्सिल द्यावी आणि बाहेरच्या भिंतीवरचा फक्त हात दीड हात भाग काढायला सांगावा. कोरीव कामाला हात लावायचा नाही, हेही तिथेच शिकवून होतं. मग मागे वळून मलंगगडाच्या रांगेकडे बोट दाखवावं. देवळाचा काळा दगड आणि तो डोंगर एकाच जातीचे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर पसरून झालेला दख्खनचा बसाल्ट. आपल्या बिल्डिंगच्या पायाच्या खड्ड्यातून निघतो तोही तोच. या सगळ्याला शेअर रिक्षाच्या भाड्यापलीकडे खर्च नाही.

आता धोक्याचा मुद्दा. कोंडेश्वरचा धबधबा, भोजचं धरण, बारवी धरणाचा परिसर इथे पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात आणि मी त्या आदेशाच्या बाजूने आहे. ज्यांना मोडायचा असतो ते तो मोडतातच, पण लहान मुलांना घेऊन जुलैत धबधब्याखाली जाणाऱ्या बापाची बाजू मी घेणार नाही. माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. बाहेर जायचं म्हणजे धबधब्यालाच, आणि तोही भर पावसात, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं? दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे महिने काय बिघडले? तेव्हा गवत पिवळं पडत असतं, वाटा कोरड्या असतात, चंदेरी आणि मलंगगडाचे कडे सकाळी स्वच्छ दिसतात. त्या दिवसांत दादर-ठाण्याहून निघालेली पोरं पाठीवर सॅक टाकून पहाटेच्या लोकलने बदलापूरला, वांगणीला उतरतात आणि आपण त्याच वेळी फलाटाच्या समोरच्या बाजूला उभे असतो, मुलांना घेऊन मुंबईच्या मॉलला जायला! त्यातून रविवार, त्यामुळे मेगाब्लॉक. अर्धा दिवस गाडीत आणि उरलेला फूड कोर्टच्या रांगेत.

पाण्याच्या धाकाबद्दल आणखी एक. मुलाला पाण्यापासून लांब ठेवलं की ते सुरक्षित, हे अर्धसत्य आहे. ज्याने नदी कधी नीट पाहिलीच नाही, त्याला ती कधी चढते हेही कळत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळवरून आपल्याकडे येते. तिकडे रात्रभर कोसळला की इकडे कोरडं ऊन असलं तरी बदलापूरला पाणी चढतं. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, ती हीच नदी. तिची बदलापूरची इशारा पातळी साडेसोळा मीटर आणि धोक्याची साडेसतरा. अतिवृष्टीच्या दिवशी प्रशासन हे आकडे जाहीर करतं. सातवीतलं मूल हे आकडे वहीत उतरवू शकतं.

त्यांच्या शेजारी स्वतः मोजलेला पाऊस लिहिला तर आणखी मजा. दोन लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची. निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे ती कापायची आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. बुड वाकडंतिकडं असतं, म्हणून तळाशी खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाहेरून पट्टी चिकटवायची. झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बघायचं, मिलिमीटर लिहायचे, बाटली पुन्हा शून्यावर आणायची. ठेवायची मात्र मोकळ्या आभाळाखाली; खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली तर वरच्या मजल्याच्या छज्ज्याचं पाणी मोजलं जातं.

आणि इथे गाडी अडते, कारण गच्चीला कुलूप असतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आमच्याकडे मुलांना जागा नाही म्हणणाऱ्या बहुतेक सोसायट्यांत शे-दीडशे माणसांच्या डोक्यावर एक अख्खं मैदान आहे, आणि त्याची किल्ली एका काकांच्या खिशात असते. मुलं टाकीत काही टाकतील, वॉटरप्रूफिंग खराब होईल, कठड्यावर चढतील. यातला कठडा सोडला तर एकही कारण मुलांच्या जिवाचं नाही. एक मोठं माणूस सोबत असेल तर सकाळी पंधरा मिनिटं किल्ली मिळेल, एवढा ठराव वार्षिक सभेत मांडून बघा. पार्किंगच्या ठरावाला जेवढा वेळ जातो त्याच्या पावपट वेळात मंजूर होईल. न झाला तर निदान जागा कोणी अडवली ते कळेल.

बदलापुरात सुरक्षिततेबद्दल बोलताना ऑगस्ट 2024 टाळून पुढे जाता येत नाही. शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. त्यानंतर इथल्या आयांनी मुलींना घराबाहेर सोडणं आणखी कमी केलं, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण ते नदीकाठी घडलं नव्हतं, डोंगरात घडलं नव्हतं. शाळेच्या चार भिंतींत घडलं होतं. 'आत म्हणजे सुरक्षित' या समजुतीवर सगळं सोडून देता येत नाही. आई-बापाच्या सोबतीने मैदानावर गेलेली मुलगी असुरक्षित आणि बंद दारामागे कोणाच्या तरी भरवशावर ठेवलेली सुरक्षित, हा हिशेब मला पटत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर हुशारी करण्यात अर्थ नाही. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. लोकलने एका बाजूचा दीड तास तरी. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस धरलं तर दिवसाचे चार तास रस्त्यावरच गेले. असा माणूस रविवारी दुपारी झोपला तर झोपू द्यावं. मात्र या मुद्द्याआड एक गोष्ट लपते. 'आम्हाला वेळ नाही' हे वाक्य बोलतो तो बहुधा बाप, आणि मुलांचं जे काही होतं ते करते आई, जी तोच प्रवास करून आलेली असते किंवा घरी राहून त्याहून जास्त राबलेली असते. मुलांबरोबर हाताने काही करायचं, बाहेर न्यायचं असा लेख कोणी लिहिला की त्या बिचारीच्या यादीत आणखी एक काम वाढतं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हे काम बापाने करावं. आईला त्या वेळात घरी एकटीला बसू द्यावं, वाटल्यास झोपू द्यावं. चार रविवारांतला एक. बाकीच्या तीन रविवारी काय करायचं यावर मी काही बोलत नाही. आणि ज्याला रविवारीही कंपनीत जावं लागतं, त्याला तर हा लेख उद्देशूनच नाही; त्याच्या मालकाला कोणीतरी लिहायला हवं.

आता 'थेरं' या शब्दाकडे वळतो. काड्या-मातीत मुलांना बसवणं हे परदेशी फॅड, किंवा पुण्याच्या प्रयोगशील शाळांचं खूळ, असं मानणाऱ्यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याकडे बघावं. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर दोघींचं बालशिक्षणाचं काम चाललं. माँटेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांत कुठून येणार? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. तर शाळाच कुरणात नेली, 'कुरणशाळा' म्हणून. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला आहे. तेव्हा पाड्यावरच्या खऱ्याखुऱ्या अंगणात मुलं जमवून ती भरत असे. सुखवस्तू घरांचा त्यात काय संबंध होता? गरिबाच्या मुलाला शिकवायचं तर त्याच्या आजूबाजूचंच हाताशी घ्यावं लागेल, हे त्या दोघींना चाळीसच्या दशकात कळलं होतं. आपण मात्र पाचशे रुपयांचं 'अ‍ॅक्टिव्हिटी किट' मागवतो, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली वाळू येते.

अंबरनाथकरांना आणखी जवळचं उदाहरण देतो. विम्को नाक्यावरून आपण रोज जातो. 1920 च्या दशकात इथे काडेपेटीचा कारखाना उभा राहिला आणि गावाची कितीतरी घरं त्यावर चालली. त्याच काडीचं पुढे काय झालं पाहा. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेले, आणि तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून खेळणी बनवली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. 2018 ला पद्मश्री मिळाली. कृती मराठीतही फुकट मिळतात. काडीचा गूल खरवडून टाकायचा. ट्यूबचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या दोन्ही टोकांत काड्या खुपसायच्या, की बिजागरी तयार. चार काड्यांचा चौकोन करा, तो डुगडुगतो, बोटाने दाबला की चेपून तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही दाबा, हलत नाही. हे कळलेलं मूल दुसऱ्या दिवशी रेल्वेमार्गालगतच्या विजेच्या टॉवरकडे बोट दाखवून ओरडतं, "बाबा, सगळे त्रिकोणच आहेत!" नववीच्या भूमितीत हे वाक्य प्रमेय होऊन येतं तेव्हा त्याला ते नवं नसतं. मार्कांची चिंता करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुकानातून प्रोजेक्ट आणणाऱ्यांना मात्र मी सूट देणार नाही. शाळा 'प्रकल्प' सांगते, मूल ते रात्री नऊला सांगतं, आणि आई धावत स्टेशनरीच्या दुकानात जाते. तिथे ज्वालामुखी, सूर्यमाला, जलशुद्धीकरण केंद्र असं सगळं तयार टांगलेलं असतं. शिक्षक त्याला मार्क देतात. यात खोटं कोण बोललं हे कोणालाच सांगता येत नाही, इतकं ते सगळ्यांच्या सोयीचं झालं आहे. दिवाळीच्या किल्ल्याचंही तेच. मराठी घरात पिढ्यान् पिढ्या मुलांनी स्वतः आखलेला, स्वतः उभारलेला एवढाच एक मोठा प्रकल्प होता. विटा-गोणपाटाचा सांगाडा, त्यावर चिखलाचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी जी तीन-चार दिवसांत हिरवी होते, आणि गुहेत वाघ का सिंह यावर भांडण. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा स्टेटसवर अभिमानाचा पूर आला होता. त्याच वर्षीच्या दिवाळीत रंगवलेले तयार किल्ले बाजारात रांगेने मांडले होते, खाली किंमत लिहून. "माती कुठून आणायची?" असं विचारतात. बदलापुरात? जिथे दर दुसऱ्या प्लॉटवर पायाचा खड्डा खणलाय, तिथे? सुपरवायझरला विचारून दोन घमेली भरून आणावीत. कोणी नाही म्हणत नाही.

उल्हासनगरकर म्हणतील, हे तुमचं डोंगर-माती पूर्वेकडे ठीक, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. मान्य. 2011 च्या जनगणनेत तेरा चौरस किलोमीटरच्या आसपासच्या या शहरात पाच लाखांवर माणसं होती. पण बाहेर जायचं म्हणजे झाडाखालीच जायचं, हा नियम कोणी केला? लष्कराच्या बराकींत फाळणीत घर गमावलेली माणसं आली, कल्याण कॅम्पचं 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर झालं, आणि त्यांनी खोलीतल्या खोलीत जे बनवता येईल ते बनवायला घेतलं. आजही हे शहर हातांवर चालतं. फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत मुलाला घेऊन उभं राहा. रंधा फिरतो तशी लाकडाची सालपटं गोल गुंडाळून पडतात, सागाचा वास वेगळा आणि प्लायवुडचा वेगळा, पटाशी कशी धरतात, माप दोनदा का घेतात. सुताराला विनंती केली तर तो उरलेले तुकडे पिशवीभर देतो, आणि घरी ठोकळे, गाडी, पक्ष्याचं घरटं असं काहीबाही होतं. मुलांना कामाला जुंपा असं मी म्हणत नाही, आणि जीन्स धुण्याच्या जागी तर नेऊच नका. पण ज्या शहरात खुर्चीपासून पापडापर्यंत सगळं डोळ्यांदेखत तयार होतं, तिथल्या मुलाने वस्तू फक्त बॉक्समधून बाहेर येताना पाहावी, हे मला पटत नाही.

एका भाजीवर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तिच्यात बाहेर जाणं आणि हाताने करणं दोन्ही आलं. मे संपता संपता, पहिला पाऊस पडला की बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी मावश्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळट, टोकदार, मातीतून वर आलेल्या भाल्यासारखी. शेजारी हिरव्या आंबट काकडांचा वाटा. नुसती शेवळं मागितली तर मावशी बजावतात, "काकडं घेतल्याबिगर नेऊ नका, घसा खाजंल." मूल विचारतं, का खाजेल? घरी आल्यावर हाताला तेल लावून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. ती खाज म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि काकडाचा आंबटपणा त्यांचा जोर मोडतो. हे ज्ञान मावशींकडे होतं, त्यांच्या आजीकडेही होतं. रसायनशास्त्राने त्याला फक्त नाव दिलं. एका संध्याकाळी मुलाला वनस्पती, रसायन, आदिवासी आणि स्वयंपाक एकत्र भेटतात, आणि वर आयता रस्साही मिळतो. इथल्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान आपल्याला आहे; ती झाडं जिथे होती त्या वाड्यांची नावं आता प्रकल्पांच्या कमानींवर उरली आहेत. मुलाला जांभळाचं झाड दाखवायचं असेल तर लवकर दाखवा.

शेवटी मार्क आणि डोळे. क्लासवाल्यांना हा एकच दाखला पुरावा. चीनमधल्या ग्वांगझोऊत शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त उघड्यावर सोडलं आणि तीन वर्षं पाहिलं. त्या मुलांत नव्याने चष्मा लागण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के राहिलं, इतर शाळांत 39 टक्क्यांवर गेलं. 2015 साली हे प्रसिद्ध झालं. डोंगर नको, धबधबा नको, फक्त उघडं आभाळ आणि चाळीस मिनिटं. संध्याकाळी पाच ते साडेसात क्लासच्या ट्यूबलाइटखाली बसलेल्या मुलाचं हेच आपण काढून घेतलेलं असतं, वर फी भरून.

राहिला प्रश्न मैदानांचा, जो मला सगळ्यात जास्त चिडवतो. इथल्या तिन्ही शहरांच्या आराखड्यांत खेळाच्या मैदानांची, उद्यानांची आरक्षणं आहेत. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. आरक्षण बदलायचं झालं तरी तेच. नकाशा पालिकेत लावलेला असतो. तो बघायला जातात ते बिल्डरचे आर्किटेक्ट आणि जमीनवाले. आपण जात नाही, कारण त्या सर्व्हे नंबरवर आपलं पोर कधी खेळलेलंच नसतं. तिथे बाभळी आहेत की खड्डा आहे की गॅरेज उभं राहिलंय, आपल्याला कल्पना नसते. मग 'इथे काही नाही' हे वाक्य काही वर्षांनी खरंच होतं, आणि ते खरं करण्यात आपला हात असतो. पुढच्या रविवारी नकाशातला एक हिरवा चौकोन निवडून मुलाला घेऊन तो शोधायला निघा. सापडला तर बॅट-बॉल सोबत असू द्या. सापडला नाही, तर हरकतीच्या अर्जाचा पहिला परिच्छेद तयार झाला, आणि तो मुदतीत पालिकेच्या आवक-जावक खिडकीवर देऊन शिक्का मारून घ्यायचा असतो.